दाट केसांची घोडी आणि हातातलं मशीन: एका हिवाळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या डोंगरउतारावर आमचा तबेला आहे. आमचा म्हणजे भाड्याचा. जागा, कुरण आणि सुकं गवत तबेल्याच्या मालकाचं. दाणा, खरारा, लीद काढणं, नालबंद, डॉक्टर हे ज्याचं त्याने बघायचं. माझा घोडा तिथे नऊ वर्षं आहे. मध्यंतरी एक मराठी कुटुंब तिथे आलं. आई मूळची साताऱ्याकडची, इथे हॉस्पिटलात नोकरीला. मुलगी चौदा वर्षांची, घोड्यांसाठी जीव टाकणारी. त्यांच्या घोडीचं हे प्रकरण. माणसांची नावं देत नाही, घोडीचं बदललं आहे. तिला चंद्री म्हणूया.

चंद्री अबलख, काळी-पांढरी, तेरा वर्षांची. उंची १४ हँड, म्हणजे खांद्यापाशी ५६ इंच. जातकुळी कॉब: आखूड जाड पाय, भरलेली मान, गोल पुठ्ठा, आणि गुडघ्याखाली खुरांवर लोंबणारे केसांचे झुबके. ब्रिटन-आयर्लंडमधल्या भटक्या समाजाच्या गाड्या ओढणारे घोडे ते हेच. बारा महिने उघड्यावर राहतील, वारा-पाऊस अंगावर घेतील अशा बेताने पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेले. त्यामुळे हिवाळ्याचा अंगरखा दोन थरांचा: वर लांब राठ केस, पाणी ओघळवून टाकणारे, खाली मऊ दाट लव, ऊब धरून ठेवणारी. ऑक्टोबरात चंद्रीच्या मानेवर बोट रोवलं की पहिलं पेर पूर्ण बुडायचं.

हे केस थंडीमुळे येतात असं आपल्याला वाटतं. मुख्य कारण दिवसाच्या उजेडाचं आहे. उन्हाळ्याचा मोठा दिवस उलटून उजेड कमी होऊ लागला की घोड्याचं शरीर ते ओळखतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरातच नवे केस सुरू होतात. आपल्याकडचे मारवाडी, काठेवाडी घोडे आठवून पाहा. सारंगखेड्याच्या बाजारात डिसेंबरातही त्यांची कातडी रेशमासारखी चमकते. तिथे रोजचा खरारा पुरतो, केस कापायचं मशीन लावायची वेळच येत नाही. त्यामुळे या आई-लेकींना, आणि सुरुवातीच्या वर्षांत मलाही, अंगावरचे केस उतरवायचे ही कल्पनाच परकी होती.

अडचण

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर संध्याकाळची रपेट अंधारातच. मंगळवार-गुरुवार मुलीची घोडेस्वारीची शिकवणी, शनिवार-रविवार बाहेरची फेरी, असा चंद्रीचा आठवडा होता. पस्तीस मिनिटं दुडकी चाल झाली की मान, छाती, कूस आणि मागच्या मांड्यांमधली जागा घामाने चिंब, वर पांढरा फेस. घोड्याला माणसासारखाच अंगभर घाम येतो. पण एवढ्या जाड केसांतून तो उडून जात नाही, मुळाशी साचतो.

एका गुरुवारी मी घड्याळ लावून पाहिलं. बाहेर ६ अंश, वारा बेताचा. छातीवरचे केस मुळापर्यंत कोरडे व्हायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. तोवर मुलगी तबेल्यातल्या दिव्याखाली गवताच्या गठ्ठ्यावर बसून शाळेचा अभ्यास करत होती. ओल्या घोडीला तसंच कुरणात सोडावं तर भिजलेले केस चपटे होऊन ऊब जाते. वर जाड झूल टाकावी तर ओल आतच कोंडते. तिसऱ्या आठवड्यात तंगाखालची, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखालची, कातडी लाल होऊन सोलायला लागली. अडचण दिसण्यापुरती नव्हती, घोडीला त्रास होत होता.

मशीनकडे वळण्याआधी एक शंका फिटायला हवी होती. म्हाताऱ्या घोड्यांत मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा एक विकार होतो, पीपीआयडी, जुनं नाव कुशिंग्ज. त्यात केस वाढतच राहतात आणि वसंतात झडत नाहीत. जोडीला तहान आणि लघवी वाढते, पाठीवरचं मांस उतरतं, खुरांना सूज येते. बहुतेक वेळा हा पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत दिसतो. चंद्री तेराची. डॉक्टर लसीकरणासाठी येणारच होत्या, तेव्हा त्यांनी तपासलं. चंद्रीचे केस दरवर्षी मेपर्यंत पूर्ण झडतात, बाकी लक्षण एकही नाही, म्हणून रक्त तपासायची गरज नाही असं ठरलं. मेमध्ये केस राहिले तर लगेच फोन करा, एवढं त्यांनी सांगितलं. हा प्रश्न आम्ही वेळेवर विचारला याचं मला समाधान आहे. आजारामुळे वाढलेले केस नुसते उतरवत बसलो असतो तर आजार तसाच राहिला असता.

पहिला प्रयत्न

इथे चूक झाली, आणि तिच्यात माझा वाटा मोठा आहे.

आईने ऑनलाइन एक छोटं बॅटरीचं मशीन मागवलं. खोक्यावर घोड्याचं चित्र होतं. हलकं, तळहातात मावणारं, आवाज बारीक. असं मशीन खरं तर कडा नीट करण्यासाठी असतं: लगामाचा पट्टा बसतो तिथली आयाळ, हनुवटीखालचे केस, खुरावरची कड. पूर्ण अंगासाठी त्याची मोटर नसते. मला हे माहीत होतं. पण रविवारची दुपार होती, तिघीही मोकळ्या होतो, आणि मी म्हणून गेले, "खांद्यावर एक पट्टा काढून तर बघू, काही होत नाही."

घोडीला अंघोळ घातली नव्हती. वरवर ब्रश मारला होता, तेवढाच. पहिले चार इंच बरे गेले. मग मोटरचा सूर खाली आला आणि केस कापले जायच्या ऐवजी ओढले जाऊ लागले. मुलीने साहजिकच जोर वाढवला. सात-आठ मिनिटांनी चंद्रीने एकदम मागे झेप घेतली. तिला कडीला बांधलेली सुतळी तुटली, आणि ती तुटण्यासाठीच असते, म्हणून मानेला इजा झाली नाही. मी मशीन उचलून पात्याची पाठ मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली आणि तत्क्षणी हात मागे घेतला. पातं भाजत होतं.

पात्यांच्या दातांमध्ये करडा लगदा बसला होता. बोटावर घेऊन चोळला तर मेणासारखा चिकट, आत वाळूची कचकच. घोड्याच्या कातडीतून तेल सुटतं आणि दाट केसांत ते धूळ-मातीसकट मुळाशी थर धरून बसतं. त्या थरातून बारीक दातांचं पातं ढकललं की ते गुदमरतं. घर्षण वाढतं, धार जाते, पातं तापतं. दुसऱ्या दिवशी खांद्यावर, पात्याच्या आकाराच्या चौकोनात, कातडी उठलेली आणि गरम लागत होती. तो डाग आठवड्यात बरा झाला. भीती तशी गेली नाही. त्यानंतर कुणाचा फोन खिशात थरथरला तरी चंद्री भिंतीला जाऊन चिकटायची.

समोरचे पर्याय

त्याच आठवड्यात आम्ही तिघी चहाला बसलो आणि काय काय करता येईल ते मांडलं.

केस न काढता रपेट कमी करणं, शेवटची वीस मिनिटं फक्त चालवत आणणं, आणि घाम शोषणारी लोकरी झूल वापरणं हा सगळ्यात सौम्य मार्ग होता. आठवड्यातून दोनदा हलकं फिरणाऱ्या घोड्याला मी आजही हेच सांगेन. पण मुलीची शिकवणी चालू राहणार होती, आणि चंद्रीचा बांधा असा की काम थांबलं की चरबी चढते.

केस उतरवणारी व्यावसायिक बाई बोलावता आली असती. आमच्या भागात अशा दोघी-तिघी आहेत, हात सराईत असतो आणि तासा-दीड तासात काम संपतं. अडचण अशी की अंग भाजलेल्या घोडीला अनोळखी माणूस, मोठं मशीन आणि ठरलेली वेळ हे तिन्ही एकदम सोसायचं होतं. अशा बाईला दिवसात आणखी चार घोडे करायचे असतात, ती थांबून राहू शकत नाही.

गुंगीचं इंजेक्शन देऊन उरकणं तबेल्यातल्या एकाने सुचवलं. ते डॉक्टरांनीच द्यायचं आणि त्याचीही जोखीम आहे. गुंगीतला घोडा शांत दिसतो, पण अचानक आणि अगदी नेमकी लाथ मारू शकतो. शिवाय पुढच्या वर्षी भीती जिथल्या तिथेच. डॉक्टरांचं मत असं पडलं की आधी शिकवून पाहा, नाही जमलं तर हा मार्ग आहेच.

चौथा मार्ग: योग्य मशीन आणायचं, घोडीला त्याची सवय होऊ द्यायची, आणि मग स्वतः काम करायचं. यात वेळ सगळ्यात जास्त जाणार होता, आणि तोवर चंद्रीचा घाम सुरूच राहणार होता. आम्ही हा मार्ग घेतला, पण रपेट निम्मी करून. मुलीने ते मुकाट्याने मान्य केलं, याचं मला तेव्हाही कौतुक वाटलं होतं.

मशीन आणि पाती

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न "कुठलं चांगलं?" असा असतो. त्याआधी तीन गोष्टी आपल्याला माहीत असाव्या लागतात: केस किती जाड, अंगाचा किती भाग करायचा, आणि मशीन धरणारा हात कुणाचा.

ताकदीचं मोठं मशीन विजेवर चालतं, वजन किलोच्या वर, दिवसाला चार-पाच घोडे करायला बनवलेलं. दाट केसांतून ते लोण्यासारखं जातं. पण चौदा वर्षांच्या मुलीचं मनगट अर्ध्या तासात थकतं. थकलेला हात तिरका पडतो, आणि तिरकं पातं कातडीत घुसतं. दुसरं, तबेल्यात विजेचा सॉकेट होता तो नेमका घोडे धुवायच्या जागेत, जमीन नेहमी ओली. विजेवरचं मशीन वापरायचं तर कोरडी जागा, रबरी बूट, घोड्याच्या पायात न येणारी वायर आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच हे सगळं हवं. आमच्याकडे कोरडी जागाच नव्हती. म्हणून बॅटरीवरचं, पण मोठ्या घोडा-मशीनच्याच पात्यांवर चालणारं, एक किलोच्या आतलं मशीन निवडलं. जास्तीची एक बॅटरी घेतली. दाट केसांत मोटरला जोर लागतो, त्यामुळे कागदावर लिहिलेल्या वेळेपेक्षा बॅटरी लवकर उतरते.

मशीन घेण्याआधी मुलीने ते दुकानात चालू करून पाच मिनिटं हात लांब करून धरलं. आईला हा वेळेचा अपव्यय वाटला. मला तीच खरी परीक्षा वाटते. मुठीला जाड वाटणारं पहिलं मशीन आम्ही तिथेच बाजूला ठेवलं.

पात्यांचं सांगायलाच हवं, कारण घोळ इथेच होतो. पाती जोडीने असतात. खालचं कंगव्यासारखं स्थिर असतं, ते केस उभे धरतं. वरचं त्यावर डावी-उजवीकडे सरकत कापतं. घोड्यांच्या मोठ्या मशीनला लागतात ती बहुधा ए-टू नावाची, दोन स्क्रूंनी बसणारी, ताण कमी-जास्त करता येणारी. छोट्या मशीनला, कुत्र्यांच्या मशीनलाही, ए-फाइव्ह नावाची चाप लावून बसणारी. एकाची दुसऱ्याला बसत नाहीत. मग दातांची जाडी. बारीक दातांचं पातं कातडीच्या अगदी जवळ कापतं, एखादा मिलिमीटर केस ठेवतं. शर्यतीच्या पातळ केसांच्या घोड्याला ते शोभतं. मध्यम पातं दीड ते अडीच मिलिमीटर ठेवतं आणि बहुतेक घोड्यांना पुरतं. जाड दातांचं साधारण तीन मिलिमीटर ठेवतं, आणि दात विरळ असल्याने दाट केस त्यात सहज शिरतात.

चंद्रीसाठी जाड आणि मध्यम अशा दोन जोड्या घेतल्या. जाड पात्याचा एक धोका दुकानातल्या माणसाने आपणहून सांगितला: विरळ दातांमध्ये कातडीची घडी अडकू शकते. म्हणून कोपराची आणि कुशीची घडी मध्यम पात्याने करायची, असं तिथेच ठरलं. जोड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मुलीने घरी येताच प्रत्येक जोडीला नेलपेंटचा ठिपका लावला. दोन्ही पाती एकत्रच झिजतात आणि धारही एकत्रच लावून घ्यावी लागते.

घोडीची तयारी

यात अठरा दिवस गेले. रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

पहिले तीन दिवस बंद मशीन दाण्याच्या टोपल्याशेजारी पडून राहिलं. मग ते बंदच, हातात धरून खांद्यावरून फिरवलं. न भाजलेल्या खांद्यावरून. चौथ्या दिवशी मी माझा घोडा शेजारच्या खणात उभा केला आणि त्याच्याजवळ मशीन चालू केलं. तो गवत खात राहिला, चंद्री कान टवकारून बघत राहिली. थरथरीची सवय विजेच्या टूथब्रशने केली, ही युक्ती मुलीची. ब्रशची पाठ खांद्याला लावायची, चंद्रीने मान खाली सोडली की लगेच काढून घ्यायची आणि गाजराचा तुकडा द्यायचा. वेळ फार महत्त्वाची. ती हलली म्हणून ब्रश काढला तर हललं की सुटका होते हेच ती शिकली असती.

बाराव्या दिवशी घाई झाली. आईला त्या दिवशी सुट्टी होती, तिने विचारलं, "आता घाबरत नाही ना, करून टाकूया का?" चालू मशीन खांद्याजवळ नेल्याबरोबर चंद्रीच्या नाकपुड्या फुलल्या आणि मागचा पाय उचलला गेला. आम्ही थांबलो आणि तीन दिवस मागे गेलो. नंतर मी डावा तळहात तिच्या अंगावर सपाट ठेवला आणि मशीन माझ्या हाताच्या पाठीवर टेकवलं. थरथर माझ्या हातातून तिच्यापर्यंत जात होती. तिने एक लांब श्वास सोडला, खालचा ओठ सैल झाला. अठराव्या दिवशी मी हात काढून घेतला तरी ती जागची हलली नाही.

केस किती काढायचे

आईच्या मनात पाठीवर चादरीएवढा भाग ठेवून बाकी सगळं साफ करायचं होतं. इथे त्याला ब्लँकेट क्लिप म्हणतात. दिसतं छान. पण चंद्री रात्रीही कुरणात असते, आडोसा फक्त तीन भिंतींचा. जितके केस काढू तितकी ऊब आपल्याला झुलीने भरून द्यावी लागते. केस नसलेला घोडा साधारण ५ अंशांच्या खाली ऊब राखण्यासाठी जास्तीची शक्ती खर्चू लागतो. पूर्ण केसांचा घोडा शून्याखालीही निभावतो, फक्त कोरडा असायला हवा.

म्हणून ट्रेस क्लिप ठरली. गाडीला जुंपलेल्या घोड्याच्या अंगाला जोताचे पट्टे जिथून जातात त्या रेषेवरून हे नाव पडलं. मानेची खालची बाजू, छाती, पोट आणि मांडीचा वरचा भाग एवढंच काढायचं. पाठ, कंबर, डोकं आणि पाय तसेच. घाम नेमका काढलेल्या भागात येतो आणि पाऊस नेमका ठेवलेल्या भागावर पडतो. पायांच्या झुबक्यांना हात लावला नाही. त्यांच्याखाली किडे आहेत का ते बघितलं, नव्हते, विषय संपला.

कामाचे दोन दिवस

शुक्रवारी दुपारी अंघोळ घातली. शनिवारी सकाळी वरून हात फिरवला तर कोरडी. केस फाकवून मुळाशी बोट लावलं तर गार आणि ओलसर. ओल्या केसांत पातं अडकतं आणि रेघा उमटतात. सगळी तयारी झालेली, शेजारणी बघायला जमलेल्या, तरी आम्ही काम रविवारवर ढकललं. शनिवारचा दिवस रबरी खराऱ्याने गोल-गोल घासून आतलं मेण वर काढण्यात गेला. शेवटी गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने पुसलं तेव्हा टॉवेल काळा झाला.

रविवारी आधी रेषा आखल्या. काळ्या भागावर पांढरा खडू, पांढऱ्यावर निळा. घोडा कधीच सरळ उभा राहत नाही, त्यामुळे डोळ्याने जुळवलेली रेष दोन बाजूंना हमखास वेगळी येते. म्हणून सुतळीच्या तुकड्याने पाठीच्या कण्यापासूनचं अंतर दोन्हीकडे मोजलं. मुलीच्या डोक्यावर हेल्मेट, पायात जाड बूट. चंद्रीसमोर गवताची जाळी, दोरी बांधलेली नाही, आईच्या हातात.

पात्यांचा ताण ही कानाने शिकायची गोष्ट आहे. स्क्रू सैल असेल तर केस दोन पात्यांमध्ये घुसतात आणि चावले जातात; फार आवळला तर पाती तापतात आणि बोथट होतात. पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपासून सुरुवात करून मोटरचा आवाज जड होतोय का ते ऐकलं. दर पाच मिनिटांनी थांबायचं: ब्रशने दात साफ, तेलाचे दोन-तीन थेंब पात्यांवर, मागची हवेची जाळी केसांपासून मोकळी, आणि पात्याची पाठ मनगटाला. गरम लागलं की थंड होईपर्यंत वाट पाहायची. मुलीने फोनवर गजर लावला होता, थरथर बंद करून.

छातीपासून न करता न भाजलेल्या खांद्यापासून सुरुवात केली. मशीन सपाट धरून, केसांच्या उलट दिशेने, लांब सलग पट्टे; प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवून. दाबायचं अजिबात नाही, मशीनचं वजन पुरेसं असतं. काळ्या भागात पहिला पट्टा गेला तेव्हा आई दचकली. खाली काळं नव्हतंच, उंदरासारखं करडं होतं. काळ्या घोड्यांचं असंच होतं, रंग केसांच्या टोकाला जास्त असतो.

कुशीत, मागच्या मांडीजवळ, भोवरा आला. सारंगखेड्याला घोडा घेताना लोक भोवरे मोजतात, कुठला शुभ, कुठला अशुभ. इथे त्याचा अर्थ एवढाच की केस चहूबाजूंनी वळतात आणि पात्यालाही त्याप्रमाणे वळावं लागतं. मुलगी बिचकली. मी तिचा हात धरून मशीन भोवऱ्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं. कोपराच्या घडीसाठी आईने चंद्रीचा पुढचा पाय उचलून पुढे ओढला, कातडी ताणली, आणि मध्यम पात्याने तो भाग काढला.

एका बाजूला सव्वा तास लागला. पहिली बॅटरी पन्नास मिनिटांत संपली. उजवी बाजू, भाजलेल्या खांद्याची, आम्ही मुद्दाम दुसऱ्या दिवशीवर ठेवली. सोमवारी संध्याकाळी आई एक तास लवकर सुटली. त्या खांद्यावर चंद्रीची कातडी दोनदा थरारली, आणि दोन्ही वेळा मुलीने आपणहून मशीन बंद करून वाट पाहिली. मी काही सांगायची गरज पडली नाही.

निष्पत्ती

पुढच्या गुरुवारी तेवढीच दुडकी चाल झाली, बाहेर ५ अंश. छाती चाळीस मिनिटांत मुळापर्यंत कोरडी. तंगाखालची कातडी दोन आठवड्यांत भरून आली. रात्री शंभर ग्रॅम भरावाची पाण्यापासून वाचवणारी झूल, शून्याखाली दोनशेची. झूल घातली की रोज काढून अंग बघायचं, कारण झुलीखाली घोडा वाळला की फुगला ते दिसत नाही.

एक नवी तक्रार मात्र निघाली. तिसऱ्या दिवशी मानेखाली बारीक पुरळ उठलं. पात्याचं तेल आणि केसांची टोकं कातडीवर राहिली होती. काम संपल्यावर कोमट ओल्या फडक्याने अंग पुसायला हवं होतं, ते अंधार पडल्यामुळे राहून गेलं. तसं पुसल्यावर चार दिवसांत पुरळ गेलं.

जाड पात्यांची जोडी या एका घोडीनेच बोथट केली. एवढी स्वच्छ करूनही. धार लावायला पाठवताना ठिपके पाहून जोडी जुळवली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केस परत वाढले तेव्हा दुसरी फेरी केली, या वेळी एका दिवसात दोन्ही बाजू. त्यानंतर नाही. जानेवारीच्या शेवटाकडे उन्हाळी केस यायला लागतात. तेव्हा मशीन फिरवलं तर त्यांची टोकं कापली जातात आणि अंगावर उन्हाळाभर निस्तेज खुंट राहतात. मेमध्ये उरलेले सगळे केस झडले. डॉक्टरांना तसं कळवलं.

वेगळं काय करता आलं असतं

त्या रविवारी मी "काही होत नाही" म्हणाले नसते, तर अठरा दिवसांची शिकवणी कदाचित पाच-सहा दिवसांत झाली असती. वयाने आणि अनुभवाने मोठी मीच होते. मुलगी माझ्या शब्दावर विसंबून मशीन धरून उभी होती. मशीन छोटं आहे हे दिसत असताना, अंघोळ झाली नाही हे माहीत असताना, मी तिला थांबवायला हवं होतं. मी हे तिला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, जोर तर मीच लावला ना." पण चौदा वर्षांच्या मुलीने तो हिशेब डोक्यावर घ्यावा असं मला वाटत नाही.

सवयीचं काम ऑगस्टमध्ये, केस यायच्या आधी, सुरू करायला हवं होतं. तेव्हा संध्याकाळ मोठी असते, कुणी घाईत नसतं, आणि मशीन अंगावर टेकवलं तरी कापायचं काहीच नसतं. पहिली कातरणीही ऑक्टोबरच्या मध्यावर, थोड्या उबेत करता आली असती. एवढ्या थंडीत अंघोळ घालून घोडी वाळवणं हाच अर्धा त्रास होता.

व्यावसायिक बाईचा पर्याय आम्ही थोडा लवकर बाजूला सारला, असंही आता वाटतं. तिला केस काढायला न बोलावता एक तास शिकवायला बोलावता आलं असतं. ताण कसा ऐकायचा, भोवरा कसा वळायचा हे मला माझ्या घोड्यावर चुका करत कळलं, आणि त्याचे केस चंद्रीच्या निम्मेही नाहीत.

ट्रेस क्लिपच्या निर्णयाबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. आईचं म्हणणं, मान पूर्ण काढली असती तर आणखी लवकर वाळली असती. खरं आहे, मानेची वरची बाजू शेवटपर्यंत दमट राहायची. माझं म्हणणं, त्या जानेवारीत सलग चार रात्री गारठ्याचा पाऊस होता आणि चंद्री आडोशात न जाता वाऱ्याकडे पुठ्ठा करून उघड्यावर उभी राहिली. मानेवरचे केस तेव्हा कामी आले. येत्या ऑक्टोबरात रेष चार बोटं वर घ्यायची, असं तूर्तास ठरलंय. सुतळीवर मुलीने तिथे गाठ मारून ठेवली आहे.